आपल्या खोलीसमोरचा कोट

शास्त्रपाठ : नहेम्या ३:१–३२, ८:१–१८, १३:१०–१३
मननासाठी : नहेम्या ३:३०



आरोग्याविषयी अनेक दिवसांच्या मोठ्या सभा भरवण्याची चाल आपल्या देशात आता चांगली रुळली आहे. २०२२ साली १८ ते २२ एप्रिल या दिवसांत देशभर ठिकठिकाणी आरोग्य मेळावे भरले. पुढे मे महिन्याच्या ५ ते ७ तारखांना आमच्या गुजरातेत, नर्मदेच्या काठी केवडिया येथे, केंद्राचे व राज्यांचे आरोग्यमंत्री तीन दिवस एकत्र बसले. त्या बैठकीला ‘स्वास्थ्य चिंतन शिबिर’ असे नाव होते. अशा सभांची थट्टा करावी असा माझा मुळीच हेतू नाही. सरकारचे धोरण नीट नसेल तर गरिबाच्या घरी औषधाची गोळी पोहोचत नाही, आणि धोरण ठरवण्यासाठी माणसांना एकत्र बसावेच लागते.

परंतु आम्ही सुरतेत राहणारी मराठी माणसे आहोत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटासाठी येऊन उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आम्ही वस्ती केली आहे. कोठे मोठी सभा भरली असे ऐकले की आमच्या मनात एक साधा प्रश्न येतो. मांडव सुटला, सतरंज्या गुंडाळल्या, पाहुणे आपापल्या गावी गेले. आता माझ्या दारापुढच्या गटाराचे काय?

हा प्रश्न अधार्मिक नाही. नहेम्याचे पुस्तक लक्षपूर्वक वाचले तर हाच प्रश्न तेथे पहिल्या अध्यायापासून शेवटच्या अध्यायापर्यंत उभा आहे असे दिसते.

यरुशलेमेतील सभा

आठव्या अध्यायात आपण एका मोठ्या सभेचे वर्णन वाचतो. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी पाणीवेशीसमोरच्या चौकात सर्व लोक जमले. पुरुष होते, स्त्रिया होत्या, आणि ज्यांना ऐकून समजत होते अशी मुलेही असावीत. एज्राने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले. लेवी लोकांनी त्याचा अर्थ फोड करून सांगितला. तो ऐकून लोक रडू लागले. तेव्हा पुढाऱ्यांनी त्यांना सांगितले की, आज रडू नका; घरी जा, गोडधोड खा, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांना वाटे पाठवा. पुढे लोकांनी फांद्या आणून धाब्यांवर, अंगणांत, चौकांत मांडव घातले. सात दिवस सण पाळला आणि आठव्या दिवशी समारोपाची सभा भरली.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली ही की, वचन वाचून झाल्याबरोबर ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्याची आठवण करून देण्यात आली. ज्या सभेत ही आठवण नाही ती सभा देवाच्या नियमशास्त्राची नव्हे. दुसरी गोष्ट अशी की, सभा आठव्या अध्यायात आहे आणि कोट बांधण्याचे काम तिसऱ्या अध्यायात आहे. लोक आधी बावन्न दिवस दगडमातीत राबले आणि मग चौकात जमले. त्यांच्या हातांना घट्टे पडलेले होते. म्हणून वचन त्यांच्या अंतःकरणापर्यंत गेले.

त्यानंतर दहाव्या अध्यायात त्यांनी लेखी करार केला व त्यावर मोहरा केल्या. आजच्या भाषेत बोलायचे तर धोरण ठरले. कोणी किती द्यायचे, लाकडे कोणी आणायची, दशमांश कोठे पोहोचवायचा हे सारे कलमवार लिहिले गेले. पण तेराव्या अध्यायात काय दिसते? नहेम्या काही काळ राजाकडे जाऊन परत येतो, तो करार मोडलेला! लेव्यांचे वाटे कोणी दिलेले नाहीत आणि ते बिचारे मंदिराची सेवा सोडून पोटासाठी आपापल्या शेतांवर पळाले आहेत. नहेम्याने तेव्हा नवीन सभा बोलावली नाही. त्याने कोठारांवर विश्वासू माणसे नेमली, आणि आपल्या भाऊबंदांना वाटे नेऊन पोहोचवण्याचे काम त्यांच्याकडे दिले.

जगाची सभा आणि जामखेडचा दिवा

आपल्याच काळातही असे घडले आहे. १९७८ साली सप्टेंबरच्या ६ ते १२ तारखांना तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आता या शहरी प्राथमिक आरोग्यसेवेविषयी जागतिक परिषद भरली. १३४ देशांचे प्रतिनिधी सात दिवस एकत्र होते. आरोग्य हा मनुष्यमात्राचा हक्क आहे, आणि २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य मिळावे, असा जाहीरनामा तेथे निघाला. २००० साल आले आणि गेले. सर्वांना आरोग्य मिळाले नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात अस्ताना येथे पुन्हा परिषद भरवून त्याच निर्धाराला उजाळा द्यावा लागला. आठव्या अध्यायापासून तेराव्या अध्यायापर्यंतची वाट जगही चालले आहे.

तरी त्या अल्मा-आताच्या सभेतील एक गोष्ट मराठी ख्रिस्ती मंडळीने विसरू नये. ज्या थोड्या ठिकाणच्या कामाकडे पाहून जगाच्या आरोग्य संघटनेला ही वाट सुचली, त्यांत नगर जिल्ह्यातील जामखेड हे एक होते. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि १९७० साली जामखेडच्या दुष्काळी भागात कामास लागले. त्यांनी खेड्याखेड्यांतून एकेक बाई निवडायला लावली. त्यांतील पुष्कळ जणींना अक्षरओळख नव्हती, आणि कित्येक जणी अशा होत्या की गावाच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत. त्या जामखेडला येऊन शिकत आणि परत आपल्या गावी जात. बाळंतीण कशी सांभाळावी, जुलाब झालेल्या लेकराला साखरमिठाचे पाणी कसे पाजावे, विहिरीचे पाणी कसे शुद्ध ठेवावे हे त्यांनी घरोघर सांगितले. १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या पंचवीस वर्षांच्या आत हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१९८८ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे भरलेल्या एका मोठ्या आरोग्य परिषदेत या बायांपैकी एक, मुक्ताबाई पोळ, बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात उंच झुंबरे लखलखत होती. त्यांनी झुंबरांकडे बोट करून सांगितले की, मोठे डॉक्टर असे असतात, सुंदर पण महाग, आणि त्यांचा उजेड पाहायला फार दूर यावे लागते. मग त्यांनी एक लहानसा दिवा पेटवला आणि म्हटले की, आम्ही गावातल्या बाया अशा आहोत. हा दिवा स्वस्त आहे, आणि एका दिव्याने दुसरा लागतो. सभा संपल्यावर मुक्ताबाई परत आपल्या गावी कामाला गेल्या. सभेत काय बोलावे हे त्यांना कळले होते, कारण सभेपूर्वी व सभेनंतर त्यांचे काम ठरलेले होते.

सुरतेचा १९९४ चा सप्टेंबर

आता मला माझ्या शहराविषयी, आणि माझ्या स्वतःविषयी, एक गोष्ट कबूल करायची आहे.

१९९४ च्या पावसाळ्यात तापीचे पाणी चढले. ते ओसरल्यावर सखल वस्त्यांत चिखल, कुजलेला कचरा आणि मेलेली जनावरे राहिली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वेड रोडच्या बाजूला माणसे तापाने व खोकल्याने भराभर मरू लागल्याची बातमी आली, आणि ‘प्लेग’ हा शब्द शहरभर पसरला. मेलेल्यांची संख्या पन्नासाच्या आसपास होती. पण भीतीने शहर सोडणारे काही लाख होते. या रोगावर टेट्रासायक्लिनसारखे स्वस्त औषध आहे, वेळेवर घेतले तर माणूस वाचतो. पण ते औषधच दुकानांतून दिसेनासे झाले. कित्येक खासगी दवाखान्यांना कुलपे लागली. नव्या सिव्हिल हॉस्पिटलातील डॉक्टर व परिचारिका मात्र रोग्यांजवळ राहिल्या.

मी तेव्हा उधन्यात यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होतो आणि रविवारी मुलांना शब्बाथशाळेत शिकवत होतो. चाळीत आमच्या शेजारी एक विधवा मावशी राहत असत. त्या आपल्या मंडळीतल्या नव्हत्या. त्या रात्री त्यांनी आमचे दार वाजवले. त्यांच्या मुलाला सडकून ताप भरला होता. हॉस्पिटलात न्यायला कोणी पुरुष माणूस सोबत हवा होता. मी दार किलकिले केले आणि म्हणालो, “मावशी, सकाळी बघू.” दार लावून घेतले. आणि पहाटे बायकोमुलांना घेऊन उधना स्टेशनवर गेलो. नंदुरबारकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. लेकरे खिडकीतून आत दिली.

तीन आठवड्यांनी आम्ही परत आलो. मुलगा वाचला होता. त्याला हिवताप होता, प्लेग नव्हता. मावशींनी एकटीने त्याला हातगाडीवर घालून हॉस्पिटलात नेले होते. मला तोंड वर करवेना. तेवढ्यात माझे लक्ष दारापुढच्या गटाराकडे गेले. सगळ्या चाळीचे गटार तुंबलेले होते. मावशींच्या दारापुढचे आणि आमच्या दारापुढचे तेवढे उपसलेले होते. मी विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “गटार काय दोन आहेत का रे बाबा? तुझ्याकडचं तुंबलं तर पाणी माझ्याच दारात येणार.”

मी दर रविवारी मुलांना चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त शिकवत होतो. त्या दिवशी तो मला शिकवण्यात आला.

ज्याच्या त्याच्या समोर

आता तिसरा अध्याय पुन्हा वाचा. नुसत्या नावांची यादी म्हणून आपण तो ओलांडून जातो. पण त्या यादीत सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारा आहे, व्यापारी आहेत, याजक आहेत. शल्लूम आपल्या मुलींना घेऊन कामाला आला आहे. तकोवाचे लोक काम करतात, पण त्यांच्यातील बडे लोक मान वाकवत नाहीत, हेही पवित्र आत्म्याने लिहून ठेवले आहे. आणि पुन्हा पुन्हा एक शब्दप्रयोग येतो: अमक्याने आपल्या घरासमोर डागडुजी केली. तिसाव्या वचनात तर मशुल्लाम नावाचा मनुष्य आहे, त्याने आपल्या खोलीसमोरचा कोट दुरुस्त केला. घर नव्हे, खोली! भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या सुरतेच्या कामगाराला याहून जवळचा मनुष्य सगळ्या शास्त्रात सापडणार नाही. माझ्याजवळ मालकीची भिंत नाही, मी परमुलखातला आहे, असे मशुल्लामाला म्हणता आले असते. तो तसे म्हणाला नाही.

चौदाव्या वचनात उकिरडा वेस आहे. ती कोणी बांधली? एका परगण्याचा अधिकारी मल्कीया याने. शहराची सगळी घाण जेथून बाहेर जाई त्या वेशीवर अधिकारी माणूस उभा राहिला. सुरतेतही असेच काही घडले. १९९५ च्या मे महिन्यात एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग केले, प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला अधिकार दिले, आणि सर्वांनी रोज खुर्ची सोडून रस्त्यावर, गल्लीत, उकिरड्यापाशी गेलेच पाहिजे असा शिरस्ता पाडला. स्वतःही ते गेले. सफाई कामगार रात्री रस्ते झाडू लागले. पुढे रावांची बदली झाली, पण शिरस्ता टिकला. २००६ च्या ऑगस्टात तापीला महापूर येऊन बहुतेक शहर बुडाले, तरी १९९४ सारखी प्लेगची साथ उसळली नाही, कारण चिखल उपसायला माणसे लगेच बाहेर पडली. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या राष्ट्रीय स्वच्छता पाहणीत सुरतेला इंदूरच्या जोडीने पहिला क्रमांक मिळाला.

हे शहर एका सभेने बदलले नाही. रोज कोणीतरी आपल्या वाट्याच्या तुकड्यासमोर उभे राहिले म्हणून बदलले. अजूनही मागच्या गल्ल्यांत पुष्कळ तुकडे पडलेलेच आहेत. आणि जे भाऊबहिणी रात्री झाडू घेऊन आपल्या दारावरून जातात, त्यांना आपण कधी पाण्याचा पेला विचारला आहे काय?

बंद दारातून आलेला

कोणी म्हणेल, ही तर म्युनिसिपालटीची गोष्ट झाली. सुवार्ता कोठे आहे? बंधुभगिनींनो, सुवार्ता ही आहे की, जो पळून गेला त्याच्याकडे प्रभू आला.

गेथशेमानेत शिष्य पळाले. नंतर भीतीने दारे लावून आत बसले. पुनरुत्थित प्रभू त्या बंद दारांच्या आत आला. “तुम्ही का पळालात?” असे त्याने विचारले नाही. त्याने त्यांना शांती दिली, आपले हात दाखवले, आणि ज्या जगाला ते भ्यायले होते त्याच जगात त्यांना पाठवले. आणखी एक पाहा. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशूने कुष्ठरोग्याला हात लावला. रोगी शुद्ध होऊन माणसांत गेला, आणि येशूला मात्र गावाबाहेर, ओसाड जागी राहावे लागले. त्याने त्या मनुष्याबरोबर जागेची अदलाबदल केली. शेवटी वेशीबाहेर वधस्तंभावर ही अदलाबदल पुरी झाली. ज्या गावातून सगळे पळतात त्या गावात शिरणारा असा आपला प्रभू आहे.

“मावशी, सकाळी बघू” हे माझे शब्द मी त्याच्यापाशी कबूल केले आहेत. त्याने क्षमा केली. पण क्षमेबरोबर त्याने मला एक तुकडाही नेमून दिला. तो माझ्या खोलीसमोरचा आहे. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत आमच्या गल्लीत पुन्हा दारे बंद झाली, तेव्हा कोणाच्या दाराशी उभे राहायचे हे मला विचारावे लागले नाही.

आपण काय करावे?

आपल्या मंडळ्यांतही तीन-तीन दिवसांच्या संजीवन सभा होतात. गाणी होतात, अश्रू येतात, हात वर होतात. त्या होऊ द्या. पण आठव्या दिवशी काय, हे मंडळीच्या पंचांनी सभेपूर्वीच ठरवावे.

उपासनामंदिराच्या आसपासची एकच गल्ली मंडळीने आपली मानावी. तेथे क्षयाचा रोगी असेल तर त्याचे औषध साधारणपणे सहा महिने चालते, आणि बरे वाटू लागले की पुष्कळ जण ते मध्येच सोडतात. त्याच्या घरी आठवड्यातून एकदा जाऊन बसणारा एक मनुष्य पुरे. २०२२ पासून सरकारनेही क्षयरोग्यांना पोषक आहार पुरवणाऱ्यांसाठी ‘निक्षय मित्र’ अशी योजना काढली आहे; मंडळीला त्यात नाव घालता येते. ज्यांच्या घरी शिजलेले नाही त्यांना वाटा पाठवण्याचा हा सरळ मार्ग आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सुचवतो. तिसरा अध्याय मुलांना गोष्टीसारखा सांगा. मग प्रत्येक मुलाला आपल्या गल्लीचा नकाशा काढायला लावा. पाणी कोठे साचते, एकटे म्हातारे माणूस कोणत्या घरात राहते, कोण आजारी आहे, हे त्यात दाखवू द्या. डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून दर शनिवारी मुलांनी आपल्या घरची पिंपे, कुंड्या, कूलर रिकामे करून कोरडे करावे, आणि शेजारच्या एका घरचेही. रविवारी वर्गात हजेरी घेताना विचारा : “तुझा तुकडा झाला का?” लहान मूल या प्रश्नाला खरे उत्तर देते. ते ऐकून आपल्याला स्वतःचे उत्तर द्यावेसे वाटेल.

सभा पुन्हा भरतील आणि भराव्यात. पण मांडव सुटल्यावर प्रभू आपल्याला आपल्या दारापाशीच भेटणार आहे, कदाचित रात्री, कदाचित शेजारणीच्या रूपाने. दार उघडण्याची तयारी आजच करून ठेवू या.

प्रार्थना

हे दयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही पुष्कळ सभांना गेलो आणि रिकाम्या हातांनी घरी आलो, याची आम्हांला क्षमा कर. भीतीने लावून घेतलेली आमची दारे तू उघड. रात्री रस्ता झाडणाऱ्यांना, रोग्याजवळ जागणाऱ्यांना, धोरण ठरवणाऱ्यांना आणि ते दारोदार पोहोचवणाऱ्यांना तू बळ दे. आमच्या खोलीसमोरचा तुकडा आम्हांला दाखव, आणि तो पुरा करीपर्यंत आमचे हात ढिले पडू देऊ नकोस. जो आमच्यासाठी वेशीबाहेर गेला त्या येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.